सामावून कोण कुणाला घेतं?

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड या पंजाबी शीख माणसाचं नागरिकत्व नाकारलं. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात भरती झाले होते. त्या काळच्या कायद्यानुसार परदेशातून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिक होता येत असे. थिंड यांचा युक्तिवाद असा, की मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन गटात धरतं, शिवाय मी उच्च जातीचा, म्हणजे शुद्ध आर्य रक्ताचा, तेव्हा कायद्याच्या अर्थानं मी गोराच. तीनच महिन्यांपूर्वी याच न्यायालयानं ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज ‘गोरा म्हणजे कॉकेशियन’ असं सांगून फेटाळला होता. थिंड यांच्या वेळी मात्र न्यायमूर्तींनी ठरवलं, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. निकालपत्रात त्यांनी आणखी एक विधान केलं, आणि ते मला निकालाइतकंच महत्त्वाचं वाटतं. युरोपीय आईबापांची मुलं इथल्या लोकांत लवकर विरघळून जातात. हिंदू आईबापांच्या मुलांवर मात्र त्यांच्या मूळ वंशाची खूण कायम राहील, असा त्या विधानाचा आशय होता.

त्यानंतर सहाच दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्ये पोलंडहून आलेल्या एका ज्यू शिलाई कामगाराच्या घरी सातवं मूल जन्मलं. त्याचं नाव नेथन ग्लेझर. ईस्ट हार्लेम आणि ब्राँक्समधल्या कामगार वस्त्यांत, घरात यिडिश बोलत हा मुलगा वाढला. पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यानं अमेरिकेतल्या स्थलांतरितांवर, वंशभेदावर आणि समाजात मिसळून जाण्याच्या प्रक्रियेवर अर्धशतकाहून अधिक काळ लिहिलं. २०१९ च्या जानेवारीत, ९५ व्या वर्षी, ते वारले. न्यायालयानं ज्यांच्या मुलांबद्दल ‘लवकर विरघळतील’ म्हटलं होतं, त्या युरोपीय बाजूचे ते होते. थिंड दुसऱ्या बाजूचे. ग्लेझर यांच्या सगळ्या कारकिर्दीचा पेच या दोन बाजूंमधल्या रेषेत आहे, असं मला वाटतं. ही रेषा कोण आखतो, या प्रश्नाला त्यांनी फार उशिरा हात घातला. पण घातला, आणि म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं.

अर्थात १९२३ साली ज्यूंची बाजूही पक्की नव्हती. १९२२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला होता. पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणारे लोक हलक्या प्रतीचे, ते अमेरिकी रक्त बिघडवतील, हे त्या काळी सुशिक्षितांत प्रतिष्ठा असलेलं मत होतं. १९२४ च्या कायद्यानं १८९० च्या जनगणनेवर आधारित देशवार कोटे ठरवले आणि पोलंड-इटलीकडचा ओघ जवळजवळ बंद केला. ग्लेझर यांचे आईवडील त्याआधीच आत आले होते. पुढे १९६९ साली हा शिलाई कामगाराचा मुलगा त्याच हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला. एका पिढीत एवढं अंतर कापलं गेलं, तर त्या घरातल्या माणसाला अमेरिकेवर श्रद्धा वाटणं स्वाभाविक होतं.

या श्रद्धेला शास्त्राचा आधारही मिळालेला होता. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट पार्क यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एक क्रम मांडला: संपर्क, स्पर्धा, जुळवून घेणं, आणि शेवटी मिसळून जाणं. त्यांच्या मते दोन समाज एकत्र आले की ते सावकाश या चार पायऱ्या चढतात. त्याआधी १९०८ मध्ये इस्रायल झँगविल यांच्या नाटकानं सगळ्या वंशांना वितळवणाऱ्या मुशीची प्रतिमा रूढ केली होती. ग्लेझर ज्या सिटी कॉलेजात शिकले तिथे फी नव्हती. गरीब ज्यू मुलांनी ते भरलेलं होतं, आणि उपाहारगृहाच्या कोनाड्यांत बसून डाव्या विचारांच्या निरनिराळ्या पंथांचे वाद तिथे चालत. त्या वादांतून आयर्विंग क्रिस्टल, डॅनियल बेल, आयर्विंग हाऊ अशी माणसं घडली. ग्लेझर तरुणपणी समाजवादी होते. पुढे त्यांना नवपरंपरावाद्यांत गणलं गेलं. ती गणना मला अपुरी वाटते.

१९६३ साली डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांच्यासह लिहिलेलं त्यांचं ‘बियाँड द मेल्टिंग पॉट’ प्रसिद्ध झालं. न्यूयॉर्कमधले काळे, पोर्तोरिकन, ज्यू, इटालियन आणि आयरिश हे पाच समाज त्यात होते. आयरिश लोकांवरचं प्रकरण मॉयनिहन यांचं, बहुतेक बाकीचं पुस्तक ग्लेझर यांचं. मुशीत काही वितळलंच नाही, हा त्यांचा निष्कर्ष. भाषा गेली, पोशाख गेला, पण गट उरले. ते राजकारणात, धंद्यात, मोहल्ल्यात हितसंबंधांचे गट म्हणून नव्यानं उभे राहिले. हे निरीक्षण अचूक होतं आणि त्या काळी धाडसाचं होतं. आजही निवडणुकीच्या दिवसांत न्यूयॉर्कचा नकाशा बघणाऱ्याला ते पटतं.

पण पुस्तकाच्या रचनेतच एक गृहीतक होतं. पाच समाज एकाच ओळीत उभे केले होते. आयरिश आधी आले, मग ज्यू आणि इटालियन, आणि सर्वांत शेवटी दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेले काळे आणि बेटावरून आलेले पोर्तोरिकन. म्हणजे काळे लोक रांगेतले अगदी अलीकडचे स्थलांतरित. त्यांचीही पाळी येईल. तीन वर्षांनी क्रिस्टल यांनी एका वृत्तपत्रीय लेखाच्या मथळ्यातच म्हटलं, की आजचा काळा माणूस हा कालच्या स्थलांतरितासारखा आहे. ग्लेझर यांनी याच पुस्तकात असंही लिहिलं होतं, की काळ्या माणसाला जपण्यासारखी वेगळी संस्कृती नाही, तो फक्त अमेरिकी आहे. त्या वाक्यानं काळ्या लेखकांना खोल जखम झाली, आणि ग्लेझर यांना पुढे त्याचा खुलासा करावा लागला.

रांगेची कल्पना मोहक होती, कारण ती ग्लेझर यांच्या स्वतःच्या घरात खरी ठरली होती. तिचा दोषही तिथेच होता. ज्यू आणि इटालियन मुलं पुढे गेली ती केवळ कष्टांनी आणि अभ्यासानं नव्हे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघराज्याच्या गृहनिर्माण प्रशासनानं गृहकर्जांना सरकारी हमी दिली. त्या हमीचे नियम काळ्यांच्या वस्त्यांना, आणि काळे राहायला येतील अशा वस्त्यांनाही, धोक्याच्या ठरवत. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले होते, आणि दक्षिणेत ही दोन कामं करणारे बहुतांशी काळेच होते. १९४४ च्या कायद्यानं युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च आणि घरासाठी कर्ज दिलं; पण अंमलबजावणी स्थानिक बँका आणि कार्यालयांकडे होती, आणि पुष्कळ काळे सैनिक तिथून रिकाम्या हाती परतले. न्यूयॉर्कजवळच्या लॉंग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटाउन ही हजारो घरांची वसाहत उभी राहिली. सुरुवातीच्या करारात अट होती, की घरात कॉकेशियन वंशाखेरीज कुणी राहायचं नाही. थिंड यांनी आत शिरण्यासाठी पुढे केलेला शब्द आता इतरांना बाहेर ठेवायला वापरला जात होता. याच घरांतून पुढच्या पिढीच्या कॉलेजचा पैसा आला, वारशाची मालमत्ता आली. आयरा कॅट्झनेलसन यांनी २००५ मधल्या पुस्तकात हे सारं मांडून म्हटलं, की सकारात्मक कृती (अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन), म्हणजे मुद्दाम प्राधान्य देण्याचं धोरण, आधी गोऱ्यांसाठीच होती. ग्लेझर केनेडींच्या काळात स्वतः सरकारी गृहनिर्माण खात्यात काम करत होते. ही यंत्रणा त्यांना अपरिचित नव्हती. तरी ती त्यांच्या सिद्धांतात आली नाही.

१९७५ मध्ये त्यांचं ‘अफर्मेटिव्ह डिस्क्रिमिनेशन’ आलं. नोकऱ्यांत आणि प्रवेशांत वंशाच्या आधारे प्राधान्य देण्याला इतका सविस्तर विरोध त्याआधी फारसा कुणी मांडला नव्हता. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि त्याच वर्षीचा नवा स्थलांतर कायदा या तिन्हींनी अमेरिकेनं ठरवलं होतं, की यापुढे सरकार माणसाकडे व्यक्ती म्हणून बघेल. मग सरकारी खाती गटांची मोजदाद का करू लागली? कोणता गट वंचित, कोणता नाही, हे कोण ठरवणार? एकदा शिक्के मारले की ते पुसणार कोण? या प्रश्नांना मी कमी लेखत नाही. आपल्याच लोकांचं उदाहरण त्यांना दुजोरा देतं. १९७० च्या अमेरिकी जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली होती. त्यानंतर तिथल्या भारतीय संघटनेनं अल्पसंख्य म्हणून वेगळ्या गणनेची मागणी लावून धरली आणि १९८० च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला. १९२३ मध्ये गोरे ठरण्यासाठी न्यायालयात झगडलेला समाज पुढे गोरे न ठरण्यासाठी अर्ज करत होता. गुलामगिरीच्या वारसांसाठी आखलेली सवलत नुकत्याच विमानातून उतरलेल्या डॉक्टरांना का मिळावी, हा ग्लेझर यांचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो.

मात्र या रास्त आक्षेपाखाली तीच जुनी अपेक्षा होती: कायदेशीर अडथळे गेले, आता काळेही इतरांसारखे वीसेक वर्षांत पुढे येतील. ग्लेझर वाट बघत राहिले, आणि बघता बघता आकडे वाचत राहिले. काळा मध्यमवर्ग वाढला, पण तोही वेगळ्या वस्तीतच राहत होता. डग्लस मॅसी आणि नॅन्सी डेंटन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं, की स्पॅनिशभाषक आणि आशियाई लोक कमाई वाढली की गोऱ्यांच्या वस्त्यांत राहायला जातात. काळ्यांचं तसं होत नाही, त्यांना चांगली कमाईही वस्तीबाहेर नेत नाही. लग्नांचंही तेच. ग्लेझर यांनी १९९७ च्या ‘वी आर ऑल मल्टिकल्चरलिस्ट्स नाऊ’ मध्ये लिहून टाकलं, की आपली अपेक्षा फोल ठरली. शाळांत बहुसांस्कृतिकतेचा जो आग्रह दिसतो, तो नव्या स्थलांतरितांमुळे नाही. काळ्यांना आपल्यात घ्यायला अमेरिका असमर्थ किंवा नाखूश राहिली, त्याची ती किंमत आहे, असं त्यांचं निदान होतं. १९९८ मध्ये त्यांनी प्राधान्याच्या धोरणाची जाहीर बाजू घेतली. मात्र फक्त काळ्यांसाठी, स्थलांतरितांसाठी नव्हे. वीस वर्षं ज्या मताचा झेंडा त्यांच्या हातात होता ते मत त्यांनी खाली ठेवलं, तेही त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्याच मताच्या जोरावर कॅलिफोर्नियात सार्वमत जिंकल्यानंतर.

या बदलाचं मी अवाजवी कौतुक करणार नाही. ड्यू बॉइस यांनी १८९९ मध्ये फिलाडेल्फियातल्या काळ्यांची घरोघर पाहणी करून रोजगाराची आणि घरांची दारं त्यांना कशी बंद आहेत ते नोंदवलं होतं. स्टीफन स्टाइनबर्ग यांनी १९८१ मध्ये ज्यूंच्या यशाची सांस्कृतिक कारणमीमांसा खोडून काढली होती. ग्लेझर यांना हव्या असलेल्या पुराव्यांपैकी पुष्कळसे आधीच उपलब्ध होते, आणि ज्यांनी ते गोळा केले त्यांना दीर्घकाळ पक्षपाती ठरवलं गेलं. तरीही एक गोष्ट दुर्मीळ आहे. आपल्या घराण्याच्या यशोगाथेतून निघालेला सिद्धांत माणूस आयुष्यभर सांभाळतो, कारण तो मोडला तर आईवडिलांच्या कष्टांचा अपमान होईल असं त्याला वाटतं. ग्लेझर यांनी वडिलांच्या कष्टांचा मान ठेवला आणि त्यांतून काढलेला नियम मात्र सोडून दिला.

नियम बदलला की प्रश्नही बदलतो. बाहेरून आलेला माणूस मिसळायला तयार आहे का, हे विचारणं तोवर अपुरं आहे, जोवर त्याला कुणात मिसळू दिलं जातं हे आपण विचारत नाही. मेरी वॉटर्स यांनी न्यूयॉर्कमधल्या वेस्ट इंडीजच्या स्थलांतरितांवर १९९९ मध्ये ‘ब्लॅक आयडेंटिटीज’ लिहिलं. जमैका-त्रिनिदादहून आलेल्या पहिल्या पिढीला मालक पसंत करत, त्यांचे उच्चार वेगळे म्हणून. त्यांची मुलं अमेरिकी झाली, उच्चार बदलले, आणि त्याबरोबर ती नुसती काळी झाली. दुकानातला पहारेकरी मागे फिरू लागला, नोकरी नाकारली जाऊ लागली. काही मुलं मुद्दाम जमैकन असल्याची खूण बाळगत. मिसळल्यामुळे त्यांचं नुकसान झालं. उलट कॅलिफोर्नियाच्या शेतीभागातल्या पंजाबी शिखांवर मार्गारेट गिब्सन यांचं १९८८ चं काम आहे. गोऱ्या वर्गमित्रांची हेटाळणी सोसत, आईवडिलांच्या आग्रहानं स्वतःच्या समाजाला धरून राहिलेली ही मुलं शाळेत चांगली चालली. अलेहान्द्रो पोर्तेस आणि मिन झोऊ यांनी १९९३ मध्ये या साऱ्याला एक चौकट दिली: मिसळण्याचा मार्ग एकच नाही, आणि काही मार्ग खाली जातात. मला तर वाटतं, हे शाळाशिक्षकांनाही शिकवलं पाहिजे. परक्या घरच्या मुलाला ‘आमच्यासारखा हो’ म्हणण्याआधी त्यांनी ‘आमच्या’त कोण धरलंय ते तपासावं.

लग्न हा मिसळण्याचा सर्वांत कठोर निकष, हे या शास्त्रात सगळे मानतात. मिल्टन गॉर्डन यांनी १९६४ मध्ये संस्कृती उचलणं आणि संस्थांत, मैत्रीत, कुटुंबांत प्रवेश मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिलीतून दुसरी आपोआप येत नाही. पण ज्या कोलंबिया विद्यापीठातून ग्लेझर यांनी १९६२ मध्ये डॉक्टरेट घेतली, तिथेच १९१६ च्या मे महिन्यात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला होता. जातीचं मर्म त्यांनी गटांतर्गत विवाहात शोधलं, आणि एका गटानं आपलं दार लावून घेतलं की बाकीच्यांना ते आपोआप बंद झालेलं आढळतं, अशी मांडणी केली. जात म्हणजे वंश नव्हे हे ते पुढेही निक्षून सांगत राहिले. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मीही म्हणत नाही. तरी दार लावणाऱ्याकडे बोट दाखवणारी ती मांडणी पार्क यांच्या चार पायऱ्यांच्या आधी, त्याच देशात झाली, आणि अमेरिकी समाजशास्त्रानं तिची दखल घ्यायला फार वर्षं लावली, याची मला खंत वाटते.

दारं उघडतच नाहीत असं नाही. आंतरवंशीय विवाहबंदीचे कायदे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले, तेव्हा नव्या लग्नांतली तीन टक्के लग्नं अशी होती. प्यू संस्थेच्या हिशेबानं २०१५ मध्ये ती सतरा टक्के झाली, आणि नवविवाहित काळ्यांत अठरा. १९८० मध्ये काळ्यांचं हे प्रमाण पाच टक्के होतं. पण ते वाढलं ते कायदे, न्यायालयं, सैन्य आणि विद्यापीठं यांनी दारं उघडल्यावर.

आपल्या लोकांशी याचा संबंध थेट आहे. १९६५ चा स्थलांतर कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर आला. वंशानुसार कोटे ठेवणं त्या लाटेत लाजिरवाणं झालं, म्हणून ते गेले. म्हणजे मराठी डॉक्टर-इंजिनिअर अमेरिकेत जाऊ शकले त्यामागे अलाबामात मार खाल्लेल्या काळ्या माणसांचं ऋण आहे. संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी २०१७ मधल्या ‘द अदर वन परसेंट’ मध्ये दाखवलं, की तिकडे गेलेला भारतीय तीन चाळण्यांतून गेलेला असतो: आधी इथल्या जाती-वर्गाची, मग इथल्या प्रवेशपरीक्षांची, मग अमेरिकी व्हिसाच्या नियमांची. अशा समाजाची कमाई सरासरीहून खूप जास्त असणारच. तरी ‘आम्ही शून्यातून उभे राहिलो, मग त्यांना का जमत नाही?’ हे वाक्य तिकडच्या मराठी घरांत काळ्यांबद्दल आणि इकडच्या घरांत राखीव जागांबद्दल सारख्याच सहजतेनं म्हटलं जातं. क्रिस्टल यांच्या १९६६ च्या मथळ्याचा तो मराठी अनुवाद आहे. कष्ट खरे आहेत. शून्य मात्र खरं नाही.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्डमधली वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत रद्द केली. वादी संघटनेचं म्हणणं, आशियाई अर्जदारांवर अन्याय होतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्यांना न्यायालयानं कधीच न विरघळणारे ठरवलं, त्यांची मुलंबाळं आता काळ्यांसाठी ठेवलेली सवलत काढून घेण्याचं कारण ठरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदावर बंदी घालणारा अमेरिकेतला पहिला शहरी ठराव केला, कारण आपल्यातले काही जण दार लावण्याची सवयही बरोबर घेऊन गेले होते. या दोन घटना एकत्र ठेवून वाचणारा अभ्यास व्हायला हवा, आणि तो अमेरिकेत जन्मलेल्या मराठी मुलामुलींनीच केला पाहिजे: आपल्या आईवडिलांना कुठल्या जातीत जन्मल्यामुळे कुठली शाळा मिळाली, कुठल्या सरकारी महाविद्यालयात किती कमी फी भरावी लागली, कुठल्या सालच्या कायद्यानं व्हिसा मिळाला, घर घेताना शेजारी कोण नव्हतं, आणि मंडळाच्या गणपतीत कोण कधी आलंच नाही. ग्लेझर यांना त्यांच्या घराबद्दल हे प्रश्न विचारायला सत्तरी उलटावी लागली. या मुलांकडे पुरावे तिशीतच हाताशी आहेत.